सासूबाईंचं पहिलं ‘नाही’

उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरचा शहाणा माणूस थंड हवेच्या ठिकाणी पळतो. पचमढी, चिखलदरा, आणि खिसा जरा गरम असेल तर मनाली. तिथे भाड्याचा केसाळ कोट घालून बर्फात फोटो काढायचा आणि वर्षभर तो लोकांना दाखवत सुटायचं. आम्ही मात्र ऐन मे महिन्यात बालीला जायचं ठरवलं. म्हणजे विषुववृत्ताच्या शेजारी. शेजारच्या काकूंनी ऐकलं आणि त्या म्हणाल्या, “आगीतून निघून फुफाट्यात कायले जाता वं? आणि तिथं तं नवीन लग्न झालेले जाते.”

कल्पना माझी होती. मी एका शाळेत भूगोल शिकवते. ‘उष्णकटिबंधीय प्रदेश’ हा धडा इतक्या वेळा शिकवलाय की झोपेतही कोणी विचारलं तर ताड-माडांची झाडं सांगेन, पण माझी स्वतःची मजल हैदराबादच्या पलीकडे गेली नव्हती. त्यात पोरगी बारावीला. परीक्षा झाली की ती पुढच्या शिक्षणाला बाहेरगावी जाणार आणि नंतर आमच्यासोबत फोटोतही उभी राहणार नाही, हे मला आत्ताच दिसत होतं. सुट्टी मे महिन्यात, आणि मे महिन्यात बालीला कोरडा हंगाम. पाऊस नाही, आभाळ स्वच्छ, समुद्र निळा. मी हे सगळं जेवणाच्या टेबलावर नकाशा उघडून समजावून सांगितलं.

“कोरडंच पाह्यजे तं इथं काय कमी हाय?” नवरा म्हणाला.

त्याचंही चूक नव्हतं. मे महिन्यात आमच्या मनीषनगरच्या गच्चीवर ओली चादर वाळत घातली, तर दुसऱ्या टोकाला चिमटा लावेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. मग पोरीनं मोबाईलवर तिथलं तापमान काढलं. तीस-एकतीस. नवरा एकदम गंभीर झाला. म्हणाला, “एवढंच? मंग स्वेटर घ्या लागन.” मी त्याला दमट हवा म्हणजे काय, घाम वाळत कसा नाही, तीसला चाळीससारखं कसं वाटतं हे सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण हॉटेलात कूलर तं असन?” दमट हवेत कूलर चालत नाही, हे मी सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर असे भाव आले की जणू मी त्याच्या खानदानाला नावं ठेवली. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय. स्वेटर बॅगेत गेला तो गेलाच.

या सगळ्या चर्चेत सासूबाई भाकर कुस्करत बसल्या होत्या. त्या आमच्यासोबतच राहतात. सत्तरी ओलांडलेली, कंबर ताठ, जीभ त्याहून ताठ. त्यांचं आयुष्य जुन्या नागपुरात, कोष्ट्यांच्या वस्तीत गेलं. सासरे हातमागावर लुगडी विणायचे आणि या दिवसभर सुताच्या कांड्या भरायच्या. मग माग बंद पडले, सासरे गेले, मुलाला नोकरी लागली, आणि त्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आल्या, जिथे त्यांच्या मते भिंतींना कान आहेत पण शेजाऱ्यांना तोंड नाही. नागपूर सोडून त्या रामटेकला गेल्या होत्या, उमरेडला माहेर होतं, आणि एकदा एका लग्नाला रायपूरला गेल्या होत्या. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. नागपूरच्या माणसाला समुद्र चहूबाजूंनी लांबच.

बालीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी ताटातून मान वर न करता म्हटलं, “मी कायले येऊ? तुम्ही जा. मी घर राखन.”

आता इथे थोडं समजावून सांगावं लागेल, कारण सगळं घोडं पुढे इथंच अडलं. आमच्या सासरी पहिल्या वेळी ‘हो’ म्हणायची पद्धत नाही. कोणाकडे गेलं आणि पोह्यांची प्लेट पुढे आली, की “नको, आत्ताच खाऊन आलो.” दुसऱ्यांदा आग्रह झाला, की “बाप्पा, पोटात जागाच नाही.” तिसऱ्यांदा प्लेट हातात कोंबली, की मग निवांत खायचं आणि वरून तर्री मागून घ्यायची. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा तो हावरट, त्याला घरी वळण नाही. सासूबाईंच्या बाबतीत तर हे सगळीकडे लागू होतं. रामटेकला जायचं ठरलं त्या सकाळी त्या “मी कायले येऊ, गुडघे दुखून राहिले” असं म्हणाल्या होत्या, आणि तेव्हा त्या चपला घालून, पर्स काखेत धरून, दाराशी उभ्या होत्या. नवी साडी नेसलेल्या.

आणखी एक कलम आहे. हा आग्रह सुनेनं केला तर तो धरत नाहीत. सून काय, तोंडदेखलं म्हणणारच. आग्रह पोटच्या पोरानं करायचा असतो. आणि माझ्या नवऱ्याचं असं, की या घरात जन्मला, वाढला, पोहे खाल्ले, पण ही भाषा त्याला येत नाही. नाही म्हटलं की त्याला नाहीच ऐकू येतं.

“आईंना परत विचारा,” मी त्याला त्याच आठवड्यात सांगितलं.

“नाही म्हटलं ना तिनं.”

“म्हणूनच परत विचारा.”

“हव, विचारतो,” तो म्हणाला, आणि विमानांच्या वेळा बघत बसला. त्याच्या ‘विचारतो’चं नेहमी भिजत घोंगडं असतं, हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत आहे.

सासूबाई मात्र तयारीला लागल्या. वरून काही दाखवायचं नाही, पण पोरगी मोबाईलवर बालीचे व्हिडिओ बघत असली, की यांची खुर्ची हळूहळू सोफ्याकडे सरकायची. “तिथं बाया काय नेसते वं?” “तिथं भाकरी भेटत असन का?” एकदा म्हणाल्या, “समुद्राचं पाणी खारट असते म्हणते. किती खारट? भाजीत मीठ जास्त झालं तं लागते तेवढं, का त्याच्याहून जास्त?”

पोरगी म्हणाली, “आजी, तूच चाखून बघ ना.”

“मी कायले जाऊ तिथं,” आजी म्हणाल्या आणि पुढचा व्हिडिओ लावायला सांगितला.

होळी झाली आणि दुसऱ्याच दिवशी घरात आंबूस वास सुटला. स्वयंपाकघरात पाहते तर मोठ्या पितळी गंजात गहू भिजत घातलेले. मला काही समजेना. कुरड्यांचा गहू आमच्याकडे एप्रिलच्या शेवटी भिजतो. ऊन अगदी माथ्यावर आलं, की मग गच्चीवर प्लास्टिक अंथरून सासूबाई कुरड्या घालतात, आमच्यासाठी, नणंदेसाठी, त्यांच्या दोन्ही जावांसाठी, आणि ज्यांच्याशी वर्षभर बोलत नाहीत त्यांच्यासाठीही. मे महिन्याचा पहिला पंधरवडा त्यांचा असतो. त्या दिवसांत आमच्या घरी लग्नाचं आमंत्रण आलं, तर लग्न चुकीच्या तारखेला आहे असं समजलं जातं.

“आई, मार्चमध्ये?”

“ऊन लवकर पडलं यंदा,” त्या म्हणाल्या. बाहेर सकाळी अजून गारवा होता. मला लख्ख कळलं. मे महिना मोकळा ठेवायचा होता त्यांना. चपला घालून, पर्स काखेत धरून त्या दाराशी उभ्याच होत्या, फक्त या वेळी दार फार लांबचं होतं आणि कोणी “चला” म्हणत नव्हतं. मला हसू आलं आणि त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी शाळेला उशीर करून गहू वाटायला बसले.

रविवारी आम्ही कुरड्या घातल्या. गव्हाचा चीक शिजवून तिसऱ्या मजल्यावरून गच्चीवर न्यायचा म्हणजे अर्धा हात भाजतो. सोऱ्या सासूबाईंच्या हातात, त्यांच्या कुरडीला शेवटपर्यंत तोच आकार, आणि माझ्या कुरड्या बघून त्या म्हणायच्या, “हे काय, गांडूळ घातलं का वं?” पोरगी गरम चीक साखर घालून खात होती आणि मदत करत असल्याचा देखावा करत होती. अख्खी गच्ची पांढऱ्या चकत्यांनी भरली. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून ती पाहिली. “झालं यंदाचं,” त्या म्हणाल्या. इतक्या खूश मी त्यांना फार दिवसांनी पाहत होते.

संध्याकाळी आभाळ आलं. मार्चमधलं आभाळ कोणाच्या बापाचं नसतं. आधी वारा, मग टपोरे थेंब, मग गारा. आम्ही तिघी जिने चढत गच्चीवर धावलो. प्लास्टिकची टोकं धरून गुंडाळायला गेलो, तर अर्धवट वाळलेल्या कुरड्या एकमेकींना चिकटून त्यांचा पुन्हा लगदा होत होता. गारा डोक्यात बसत होत्या. पोरगी पातेलं डोक्यावर घेऊन उभी राहिली. सासूबाई मात्र वाकून एकेक कुरडी वेचत होत्या, जणू मोगऱ्याची फुलं.

“राहू द्या आई, भिजाल!”

“मंग मे मध्ये परत कराव्या लागन ना!” त्या ओरडल्या.

आणि नेमका त्याच वेळी नवरा गच्चीच्या दारात आला. छत्री नाही, काही नाही, हातात मोबाईल आणि तोंडभर हसू. पावसाच्या आवाजावर मात करायला त्यालाही ओरडावं लागलं. “झाली! तिकिटं झाली! मस्त भेटली! तिघांची!”

सासूबाई सरळ उभ्या राहिल्या. पदरात चिकट पांढरे गोळे झालेल्या कुरड्या.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “पोरगी जाऊन येईन बाहेरदेशी.”

मग त्यांनी पदर झटकला, ते सगळं गच्चीच्या कोपऱ्यात टाकलं आणि खाली निघून गेल्या. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. माझा जीव तुटला. आणि त्याच वेळी मला नवऱ्याला त्या सोऱ्यानं हाणावंसं वाटलं, अगदी मनापासून.

त्या संध्याकाळी आमच्या खोलीत जे भांडण झालं ते शेजारच्या काकूंनी नक्की ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे फार प्रेमानं बघत होत्या. नवऱ्याचं म्हणणं एकच, “तिनंच नाही म्हटलं. मी काय जबरदस्ती करू?” मी त्याला मार्चमधल्या कुरड्यांचा अर्थ समजावून सांगितला. रामटेकच्या चपलांची आठवण करून दिली. त्यानं हातातला मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, “मले काहून नाही समजलं?” एवढा पडलेला चेहरा, की माझा अर्धा राग तिथेच उतरला. उरलेला अर्धा मी जपून ठेवला, संसारात लागतो.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं विषय काढला. जेवण सावजी रश्श्याचं, सासूबाईंच्या हातचं, म्हणजे वातावरण अनुकूल. मला वाटलं, निदान आता तरी नीट विचारेल. तो म्हणाला, “आई, तुझं पण तिकीट काढून टाकतो. पण लवकर सांग, आज ऑफर संपून राहिली.”

मी कपाळाला हात लावला. आग्रह करायचा आणि वर घाईही करायची, असं का कुठे असतं? पाहुण्याला “लवकर खा, प्लेट धुवायची आहे” म्हणण्यातला प्रकार.

“मंग संपू दे बापा ऑफर,” सासूबाई म्हणाल्या. “मले कुरड्या करा लागते. आणि एवढ्या दूर जाऊन म्हाताऱ्या माणसाचं काही झालं तं तुमच्या पोरीची मजा खराब होईन.”

हे दुसरं नाही पहिल्यासारखं नव्हतं. पहिल्यात पायात चपला होत्या, यात त्यांनी त्या काढून कपाटात ठेवल्या होत्या. आपल्याला तिकिटांत धरलंच नव्हतं, हे त्यांना गच्चीवर कळलं होतं, आणि आता मागून ओढून नेलं तर त्या ओझं म्हणून जाणार होत्या. ते त्यांना मेल्यानंतरही मान्य झालं नसतं. त्यानंतर त्यांची खुर्ची सोफ्याकडे सरकली नाही. पोरगी मुद्दाम मोठ्या आवाजात समुद्राचे व्हिडिओ लावायची, त्या भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत बसायच्या. मला पहिल्यांदाच भीती वाटली की हे खरंच राहून जाणार. आम्ही तिघं समुद्रात पाय बुडवून उभे आणि या इथे एकट्या कूलरमध्ये पाणी भरत. मला ती सहल नकोशी झाली.

मी नवऱ्याला ताकीद दिली. यापुढे काही विचारायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही. आणि त्यांच्यापाशी जाऊन मी सहजच म्हटल्यासारखं म्हटलं, “आई, तुमचा पासपोर्ट काढून ठेवू का? आमचे तिघांचे आहेत. दुबईला जाणार होतो तेव्हाचे. दुबई राहिली, पासपोर्ट आहेत. तुमचाही असू द्या.”

त्यांनी लसणाची पाकळी खाली ठेवली. “काढ,” त्या म्हणाल्या.

बस. पहिल्या फटक्यात. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईंनी मी दिलेला चहासुद्धा पहिल्या वेळी घेतला नव्हता. मी पुढचं काही बोललेच नाही, न जाणो शब्द परत घ्यायच्या. पासपोर्टच्या ऑफिसात जायला त्यांनी लग्नातला शालू काढला. फोटो काढणारीनं सांगितलं, “आजी, हसू नका.” त्या म्हणाल्या, “हसून कोण राहिलं?” त्यांची जन्मतारीख आधारकार्डावर एक जानेवारी आहे, जशी त्यांच्या पिढीतल्या अर्ध्या नागपूरची आहे. खिडकीपलीकडच्या बाईनं ती निमूट लिहून घेतली.

एप्रिलमध्ये पुन्हा गहू भिजला. आता ऊन खरंखुरं होतं, बारा वाजायच्या आतच गच्चीवर पाय ठेववत नव्हता, म्हणून सकाळी लवकरच आम्ही वर गेलो. या वेळी नवराही होता. तो स्वतःहून शिजलेल्या चिकाचं पातेलं फडक्यात धरून वर आला, हात भाजला तरी हूं की चूं केलं नाही. प्रायश्चित्त घेत होता बिचारा. शेजारच्या काकू आपल्या सांडग्यांचं ताट घेऊन आल्या होत्या. तेवढ्यात जिन्यातून बुटांचा आवाज आला आणि पोलीस वर आला. साधा, दमलेला, घामाघूम झालेला हवालदार, काखेत कागद. पासपोर्टची चौकशी. घरी कुलूप होतं, म्हणून खालच्या चौकीदारानं त्याला वर पाठवला होता.

काकूंच्या डोळ्यांत चमक आली. पोलीस आल्यावर गच्ची सोडून कोण जातं?

मी त्याला पाणी दिलं. सासूबाईंनी सोऱ्या हातातून ठेवला नाही. चीक गरम आहे तोवर घालावा लागतो, पोलीस आला म्हणून तो थांबत नाही. हवालदार त्यांच्या शेजारीच उकिडवा बसला.

“किती वर्षांपासून राहता इथं, आजी?”

“हे पोरगं फ्लॅट घेऊन राहिलं तेव्हापासून.”

“काही गुन्हा वगैरे दाखल?”

“अजून तं नाही,” त्या म्हणाल्या आणि एकदा माझ्या नवऱ्याकडे बघितलं. पोरगी फिस्सकन हसली.

“कुठं चालल्या? का असाच काढून ठेवून राहिले पासपोर्ट?”

उत्तर मला पाठ होतं. मी कायले जाऊ, पोरं म्हणते म्हणून काढला, मला काय त्यातलं. काकूही ऐकायला पुढे झुकल्या होत्या. नवऱ्यानं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. सासूबाईंनी हातातली कुरडी पूर्ण केली, टोक तोडलं, बोटानं बसवलं.

“बालीले चालली,” त्या म्हणाल्या. “मले समुद्र पाहायचा हाय.”

मले. पाहायचा हाय. या घरात आल्यापासून ‘मला हवंय’ असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, मिठापासून माणसापर्यंत कशाच्याच बाबतीत. मला एकदम भरून आलं. गच्चीवर सगळे होते, म्हणून मी पातेल्यात डोकं घालून चीक ढवळत राहिले. नवरा तर पुतळा होऊन उभा होता, भाजलेला हात हवेत धरून.

हवालदाराला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं.

“छान. आणि सोबत कोण?”

सासूबाईंनी चिकानं भरलेलं बोट आमच्या तिघांवरून एकेक करून फिरवलं.

“हे तिघं,” त्या म्हणाल्या. “येतो म्हणून राहिले, म्हटलं चला.”